पडद्याकडे पाठ

आमचे घरमालक लग्नात नवरा-नवरीकडे पाठ करून बसत. पहिल्या रांगेतली खुर्ची उचलायची, उलटी फिरवायची आणि मंडपातल्या लोकांकडे तोंड करून, हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसायचं. अक्षता मागे न बघताच खांद्यावरून टाकायच्या. नवरीकडच्या लोकांना वाटायचं, मानपानावरून म्हातारा रुसला. मग कुणीतरी समजूत घालायला येई आणि काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, उठून सांगावं लागे, "रुसले नायत ओ. त्यांची सवयच हाय तसली. तुमी जेवणाचं बघा."

घरातही तेच. त्यांची खुर्ची टीव्हीच्या शेजारी, भिंतीला टेकलेली. मालिका काकू बघायच्या आणि काका काकूंना बघायचे. मध्येच म्हणायचे, "आता ती सून रडंल बघा." काकू म्हणायच्या, "तुमाला कसं कळलं?" तर म्हणे, "तुमचा पदर आधीच डोळ्याला लागला ना." मॅच असली की गल्लीतली दोन-चार माणसं येऊन बसत. विकेट गेली की हे लोकांची तोंडं बघून गेली म्हणत, आणि कुणाची गेली हे विचारतही नसत.

क्रांती चौकाच्या मागच्या एका गल्लीत त्यांचं घर होतं. वर माझी खोली, खाली ते दोघं, आणि रस्त्याच्या बाजूला एक लांबट हॉल. त्यात आठवडाभर शिकवणीचे वर्ग चालत. मी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते. म्हणजे दर उन्हाळ्यात माझी नोकरी संपायची आणि जूनमध्ये नवा आदेश आला तर पुन्हा सुरू व्हायची. आला तर. खोली देताना काकांनी माझ्याकडे निरखून बघितलं होतं आणि म्हणाले होते, "मास्तरकी करता ना? मग चालंल. मास्तर लोकांना कुणी बघत बसलं तर राग येत नाय."

राग यायचा, पण भाडेकरूचा राग तो केवढा असणार. सकाळी जिना उतरताना ते अंगणात दात घासत असत आणि माझ्या तोंडाकडे बघून दिवसभराचा अंदाज सांगत. "आज साहेबांनी बोलवलंय वाटतं." बोलवलेलं असायचंच. मी त्यांना टाळायला कधी कधी मोबाईल कानाला लावून उतरायची. त्यावर ते म्हणायचे, "फोन बंद हाय मॅडम. बोलणाऱ्याचं तोंड येगळं असतं."

या सवयीचं मूळ त्यांच्या नोकरीत होतं. शासनाच्या प्रचाराच्या गाडीवर ते ऑपरेटर होते. जीप, प्रोजेक्टर, जनरेटर आणि एक मोठा पांढरा पडदा घेऊन अजिंठ्यापासून देवगाव रंगारीपर्यंत आणि त्याच्याही पुढे, जिथे रस्ता जाईल तिथवर त्यांनी शासनाचे माहितीपट दाखवले. विहिरी, बियाणं, कुटुंबनियोजन, नळाचं पाणी. सुरुवातीला तेही पडद्याकडेच बघत. मग एका साहेबांनी विचारलं, लोकांना आवडलं का? यांना सांगता येईना. तेव्हापासून रीळ लावून दिलं की हे पडद्याकडे पाठ करून लोकांकडे बघत बसू लागले, ते कायमचेच. "आवाज सगळा पाठ हाय," ते म्हणायचे. "तवापासनं चित्र कधी बघितलं नाय. लोकं बघायचे की चित्र. मी कशाला बघू? त्यांच्या तोंडावर दिसायचंच की."

साहेबांनी त्यांना दोन वाक्यं पाठ करून दिली होती. एक सुरुवातीचं, "बसून घ्या, बसून घ्या. शासनाच्या वतीनं आपल्या गावात चित्रपट दाखवण्यात येत आहे." आणि एक शेवटचं, "हे सगळं लवकरच आपल्याही गावात होणार आहे." ही दोन वाक्यं त्यांच्या जिभेवर अशी बसली होती की काकूंनी जेवायला बोलावलं तर ते शेजारच्यांना "बसून घ्या" म्हणत, आणि कुणाच्या लग्नात लग्नाळू पोरांच्या घोळक्यापाशी थांबून गंभीरपणे सांगत, "हे सगळं लवकरच तुमच्याही घरात होणार आहे." पोरं खूश व्हायची. शहराचं नाव मात्र ते घेत नसत. घ्यावंच लागलं तर आधी समोरच्याचं तोंड बघत आणि मग जुनं घ्यायचं की नवं, ते ठरवत. त्यांचं एकदाही चुकलेलं मी पाहिलं नाही.

तो पांढरा पडदा निवृत्तीनंतर मोडीत निघाला तेव्हा त्यांनी मागून घरी आणला होता. दर दिवाळीच्या आधी काकू तो नीळ घालून धुवायच्या, वाळवायच्या, घडी घालून पेटीत ठेवायच्या. लावायचा मात्र कुठेच नाही.

असं सगळं सुरळीत चाललं होतं आणि मग ती फिल्म आली.

आमच्या स्टाफच्या ग्रुपवर कुणीतरी तिची लिंक टाकली आणि काही मिनिटांत काढून घेतली. खाली लिहिलं, चुकून आलं. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा देईना. विभागप्रमुख चहा पिता पिता म्हणाले, "कुणी उघडली नाही ना?" सगळे म्हणाले, नाही. कुठल्याशा दुसऱ्या गावात एका सरांना फिल्म पुढे पाठवली म्हणून बोलावून घेतल्याची वार्ता होती. खरी की खोटी कुणालाच माहीत नव्हतं, पण तिने तिचं काम चोख केलं. संस्थेचे अध्यक्ष सत्तेतल्या लोकांच्या पंक्तीला बसणारे, आणि आदेश त्यांच्या सहीने निघायचे.

मी ती लिंक आधीच जपून ठेवली होती. दुपारी खोलीला कडी लावून, पंखा बंद करून मी लॅपटॉपवर फिल्म लावली. पंखा का बंद केला ते आजही सांगता येत नाही. फिल्म सरकारवर टीका करणारी होती. आपल्याच भागातल्या एका गावात टँकरभोवती भांडणाऱ्या बायका, कोरडे नळ, मधून मधून व्यासपीठावरची भाषणं, आणि नळाचं पाणी कुठे गेलं म्हणून सभेत उभं राहून विचारणारा एक तरुण. पुढे त्याला पोलीस घेऊन जातात. जिन्यावर जरा काही वाजलं की मी खटकन झाकण लावत होते. कुणी म्हटलं तुला त्या फिल्ममधलं काय आठवतं, तर मला माझ्या जिन्यावरचे आवाज आठवतात.

एकदा झाकण उघडलं तर गच्चीवर वाळवण राखत बसलेले काका खिडकीतून माझ्याकडे बघत होते.

"काय बघायलात मॅडम?"

"काही नाही काका. कॉलेजचं काम."

"कॉलेजच्या कामाला एवढं भ्यायलं तोंड नाय होत."

मग सांगितलं. मला वाटलं होतं, सरकारी पेन्शन घेणारा माणूस, हात जोडेल आणि निघून जाईल. त्यांनी शांतपणे विचारलं, "लोकांनी बघितलं का?" मी म्हटलं, बघतात, पण आपापलं, लपून. ते एकदम नाराज झाले. "हेच चुकायलंय. पिक्चर एकट्यानं बघायचाच नसतो. एकट्यानं बघितला की माणूस भितं. चार लोकांत बघितला की शेजाऱ्याच्या तोंडाकडं बघून धीर येतो." आणि जिना उतरताना म्हणाले, "रईवारी हॉल रिकामाच असतो."

मी खूप समजावलं. काकूंना मध्ये घातलं. काकू म्हणाल्या, "पेटीतला पडदा बाहेर काढलाय त्यांनी. आता काय ऐकत नायत." शिकवणीवाल्यांचा प्रोजेक्टर तिथेच छताला होता. फक्त यंत्र, म्हणजे लॅपटॉप, माझा लागणार होता. नाही म्हणायला हवं होतं. पण इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, आणि त्या दिवशी मागताना ते माझ्या तोंडाकडे बघत नव्हते, जमिनीकडे बघत होते. मी दिला.

रविवारी भर दुपारी त्यांनी हॉलच्या सगळ्या खिडक्यांना गोधड्या लावल्या. उजेड येऊ नये म्हणून, पण बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, आत काहीतरी लपवायचं चाललंय. काका मात्र हरखले होते. पडद्याच्या चारी कोपऱ्यांच्या दोऱ्या त्यांनी स्वतः ताणल्या, एक सुरकुती ठेवली नाही. एकेक माणूस येऊ लागला. शेजारपाजारचे म्हातारे, काकूंच्या मैत्रिणी, कन्नड तालुक्यातून येऊन शहरात म्हशी पाळणाऱ्या, आम्हाला दूध घालणाऱ्या धनगराच्या लक्ष्मीबाई. आणि शेवटी बायकोसह आमच्या कॉलेजचे हेडक्लार्क.

हेडक्लार्क आमच्याच गल्लीत टोकाला राहत. आदेश टाईप त्यांच्याकडे होत. कुणाचा आला, कुणाचा राहिला, कुणाबद्दल वरून काय विचारलं गेलं, हे सगळं त्या एका माणसाला माहीत. काकांनी त्यांना पिठाच्या गिरणीत गाठून "पिक्चर हाय, या" एवढंच सांगितलं होतं. ते दाराजवळच्या खुर्चीवर बसले. मला पाहून त्यांनी मान हलवली. मीही हलवली.

त्याच क्षणी काकांनी वायर जोडली आणि पडदा उजळला. पडद्यावर आलं माझं नाव. खाली कॉलेजचं नाव, बोधचिन्हासकट. लॅपटॉप उघडला की आधी तेच दिसायचं, कॉलेजच्या कामासाठी तसा करून घेतलेला होता. हात-हातभर अक्षरं, नीळ घातलेल्या पांढऱ्याशुभ्र पडद्यावर. हेडक्लार्कनी खिशातून चष्मा काढून लावला. मी फिल्म सुरू करायला धावले.

तेवढ्यात काका माईक घेऊन उभे राहिले. शिकवणीवाल्यांचाच माईक. त्यावर दोन टिचक्या मारल्या आणि घसा साफ करून, उभ्या नोकरीत म्हटलं तसंच म्हणाले, "बसून घ्या, बसून घ्या. शासनाच्या वतीनं आपल्या गावात चित्रपट दाखवण्यात येत आहे."

मी हबकले. पण हॉलमध्ये काय झालं ते बघण्यासारखं होतं. लोक सैलावले. एका म्हाताऱ्याने चपला काढून मांडी घातली. हेडक्लार्कचे खांदे खाली आले, त्यांनी बायकोला सांगितलं, "शासकीय आहे," आणि पाठ टेकली. काकांनी खुर्ची फिरवली, पडद्याकडे पाठ केली, हात मांडीवर ठेवले. फिल्म सुरू झाली.

पहिला काही वेळ लोक शाळेतल्यासारखे बघत होते. मग टँकर आला, बायकांची भांडणं आली, कोरडे नळ आले. एक-दोघं खुर्चीत हलले. लक्ष्मीबाई मोठ्यांदा म्हणाल्या, "सरकारनं बरं केलं बाई. सोताच्या तोंडानं कबूल केलं." कुणी हसलं नाही. सगळ्यांना ते पटलं होतं. मग तो तरुण सभेत उभा राहिला, आणि मग पोलिसांची गाडी आली, आणि त्याची आई कॅमेऱ्यासमोर बसून बोलू लागली. आता हॉलमध्ये खोकलासुद्धा ऐकू येईना. मी हेडक्लार्ककडे बघत होते. ते माझ्याकडे बघत होते. मी नजर काढून दाराकडे नेली, पुन्हा त्यांच्याकडे आणली, तर ते दाराकडे बघत होते. असं किती वेळ चाललं देव जाणे. बाहेर एक मोटारसायकल येऊन थांबली तेव्हा आम्ही दोघंही दाराकडे वळलो. ती समोरच्या घरी आलेली होती.

फिल्म संपली. अंधार तसाच. काका उठले, माईक घेतला, आणि पाठ असलेलं दुसरं वाक्य म्हणाले.

"हे सगळं लवकरच आपल्याही गावात होणार आहे."

गोधड्या निघेपर्यंत कुणी जागचं हललं नाही. मग सगळे एकदम उठले आणि चपला शोधू लागले. हेडक्लार्क बायकोला पुढे घालून गेले, मागे वळून बघितलं नाही. काका प्रत्येकाचं तोंड बघत दारात उभे होते. पडद्याची घडी घालताना मला म्हणाले, "लई वर्सांनी असे लोक बघितले. दूधवाली बाई सगळा पिक्चर बघत होती. बाकीचे अर्धा. तुमी तर बघितलाच नाय."

"बघितला की."

"नाय मॅडम. तुमी दार बघत होता. तो तुमचा क्लार्क बी दार बघत होता. दार बघायला कशाला आलता दोघं, दार तर रोजचंच हाय."

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी कॉलेजात गेले तर शिपायाने निरोप दिला, हेडक्लार्कनी बोलावलंय. त्यांच्या टेबलापर्यंतचा व्हरांडा मी कसा ओलांडला माझं मला माहीत. झालं, असं मी मनात म्हणत होते. आईला काय सांगायचं, खोली कधी सोडायची, इथपर्यंत मी पोचले होते. त्यांनी मला बसायला सांगितलं, दार लोटून घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मॅडम, कालचं ते शासनातर्फेच होतं ना?"

मी लोटलेल्या दाराकडे बघितलं.

"माईकवर सांगितलं त्यांनी. मी ऐकलं, माझ्या मिसेसनं ऐकलं. तुम्ही पण ऐकलं ना?"

"ऐकलं."

"मग झालं तर. उद्या कुणी विचारलं तर आपण दोघं शासकीय कार्यक्रमाला होतो. मी तुमचं नाव घेत नाही, तुम्ही माझं घेऊ नका." त्यांच्या कपाळावर घाम होता. ज्या माणसाला आम्ही सगळे घाबरायचो, तो रात्रभर माझ्या भीतीने जागा होता. जूनमध्ये माझा आदेश आला, हेही इथेच सांगून टाकते. त्यांनीच हातात दिला, खाली बघून. आदेश आला, पण भीती गेली असं म्हणणार नाही. आजही मोबाईलवर कुणी काही पाठवलं की आधी माझं बोट थबकतं आणि मग मी बघते.

त्या दिवशी मात्र मला इतकं हलकं वाटत होतं की घरी आल्या आल्या मी काकांना सगळं सांगितलं. क्लार्कचा घाम, शासकीय कार्यक्रम, सगळं, हसत हसत. काकू हसल्या. काका हसले नाहीत.

"मी काय म्हणालो माईकवर?"

"शासनाच्या वतीनं म्हणालात."

"मी?" त्यांनी काकूंकडे बघितलं. काकू म्हणाल्या, "म्हणालात की. नेहमीसारखं."

त्यांचा चेहरा उतरला. ते खुर्चीत बसले. फिल्म दाखवायला जो माणूस तिळभर भ्याला नाही, तो आता खरोखर भ्याला होता. "शासनाचं नाव घिऊन मी खोटं बोललो," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "जिंदगीभर त्या नावावर लोकांना बसवलं. कुणी उठलं नाय, कुणी इचारलं नाय. आन मी त्या नावानं खोटं सांगितलं." त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नीट जेवले नाहीत. काकू मला म्हणाल्या, "तुमी कायतरी बोला त्यांना." मी काय बोलणार? मला ज्याची भीती वाटली ती गोष्ट वेगळी होती आणि त्यांची वेगळी, एवढंच मला कळत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला खाली बोलावलं. "ते पिक्चर लावा," म्हणाले. "कशाला शासनाचं नाव लावलं, ते तरी बघतो."

मी लॅपटॉप टीव्हीच्या टेबलावर ठेवला. त्यांनी भिंतीला टेकलेली आपली खुर्ची उचलली, फिरवली आणि पडद्याकडे तोंड करून बसले. काकू स्वयंपाकघराच्या दारात थबकल्या. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी हे पाहिलं नव्हतं. मला कुठे बसावं कळेना, म्हणून मी त्यांच्या जागी, टीव्हीच्या शेजारी भिंतीला टेकून उभी राहिले. मला फक्त त्यांचं तोंड दिसत होतं.

टँकर गेला, नळ गेले, भाषणं गेली. ते डोळे बारीक करून बघत होते, एखादं अवघड काम नव्याने शिकावं तसं. त्या तरुणाची आई बोलायला लागली आणि ते पुढे वाकले.

"थांबवा."

मी थांबवलं.

"ही पहिल्या रांगेत बसायची," ते म्हणाले. "पोर होती. देवगाव रंगारीच्या पुढं हाय ते गाव. मी नळाचा पिक्चर घिऊन दोन-तीनदा गेलतो तिथं. पिक्चरमदी नळाला पाणी आलं की ही तोंडावर हात धरून हसायची. सगळ्यांत आधी हीच हसायची. तिच्या हसण्यावरून मला कळायचं, आता पाणी आलं."

पडद्यावर त्या बाईचं तोंड अर्धवट उघडं थांबलं होतं. काकू दारातून पुढे आल्या आणि बघत राहिल्या.

"पिक्चर संपल्यावर मी काय म्हणत होतो, मालूम हाय ना तुमाला?"

मला माहीत होतं. गल्लीतल्या पोरासोरांनाही माहीत होतं.

"तिनं ते खरं मानलं असंल. मी तिचं तोंड बघितलंय, खरंच मानलंय तिनं." त्यांनी हात मांडीवर ठेवले, मग उचलले, पुन्हा ठेवले. "मॅडम, मी दोन दिवस झालं हिशोब लावायलो, की रईवारी खोटं बोललो. खरं सांगा, खोटं रईवारी बोललो का तवा?"

मी खाली बघितलं.

"मान वर करा," ते म्हणाले.

मी मान वर केली. त्यांनी माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं, आणि मग पुन्हा विचारलं नाही.